दंग्याला नेमलेली समिती: कोलोनच्या कार्निव्हलचं प्रकरण

१० फेब्रुवारी १८२३, सोमवार. ऱ्हाइन नदीकाठच्या कोलोन शहरात त्या दिवशी राज्यारोहणाची मिरवणूक निघाली. गादीवर बसणार होता ‘वीर कार्निव्हल’. हे सोंग घेतलं होतं एमानुएल चिओलिना झानोली या गृहस्थानं. नाव इटालियन, वस्ती कोलोनची, धंदा कोलन वॉटरचा. हो, तेच कोलन वॉटर. घरात कुणाला ताप चढला की आपल्याकडच्या आज्या ज्याच्या घड्या कपाळावर ठेवायच्या. शहराचं कॅथीड्रल तेव्हा अर्धवट होतं. सोळाव्या शतकात पैसा आणि उत्साह दोन्ही आटले, काम थांबलं, आणि दक्षिणेकडच्या अपुऱ्या मनोऱ्यावर दगड चढवायची लाकडी यारी अडीचशेहून जास्त वर्षं तशीच उभी राहिली. त्या यारीच्या साक्षीनं कोलोननं आपला राजा मिरवला.

आज कोलोनच्या माणसाला विचारा, तुमचा कार्निव्हल कधीपासूनचा, तर तो थेट रोमन लोकांपर्यंत जाऊन पोचतो. त्याला थोडा आधारही आहे. इ.स. ५० मध्ये रोमनांनी या वस्तीला ‘कोलोनिया’चा दर्जा दिला, त्यावरूनच शहराचं नाव पडलं. रोमनांच्या सॅटर्नेलिया सणात मालक-गुलाम काही दिवस एका पंगतीला बसत. पण त्या सणापासून आजच्या मिरवणुकीपर्यंत सलग धागा काही कुणाला दाखवता आलेला नाही. आज दिसतो तो कार्निव्हल, म्हणजे मिरवणूक, ठरलेला मार्ग, दर वर्षीचं घोषवाक्य, टोप्या, हिवाळाभर चालणाऱ्या सभा, याचा जन्मदाखला १८२३चा आहे आणि त्यावर सही एका समितीची आहे. जर्मनमध्ये तिचं नाव होतं ‘फेस्टऑर्डनेंडेस कोमिटे’. शब्दशः, उत्सवाला शिस्त लावणारी समिती. वर्षातले बेशिस्तीचे म्हणून राखून ठेवलेले दिवस, आणि त्यांना शिस्त लावायला समिती! ती का नेमावी लागली आणि नेमल्यावर काय काय झालं, ते हे प्रकरण.

गटारी, शिमगा, आणि थोडा गणपती

आधी दिवसांचा हिशेब. ईस्टरच्या आधी ख्रिस्ती लोकांचा ४० दिवसांचा उपासकाळ असतो. रविवार उपासात धरत नाहीत, त्यामुळे ईस्टरपासून मागे मोजत गेलं की ४६ दिवस आधी राखेचा बुधवार येतो. त्या दिवसापासून मांस बंद, आणि जुन्या काळी अंडी, लोणी, चरबीसुद्धा बंद. मग आदल्या दिवसांत घरात असेल ते सगळं तळून, भाजून, खाऊन संपवायचं. मराठी माणसाला याचं स्पष्टीकरण लागत नाही. श्रावणाच्या तोंडावरची गटारी त्याला ठाऊक असते. कोलोनच्या बोलीत कार्निव्हलला ‘फास्टेलोव्हेंड’ म्हणतात, म्हणजे उपासाची पूर्वसंध्या. ‘कार्निव्हल’ या शब्दाचा उगम काहींनी जहाजाच्या आकाराच्या रोमन रथात शोधला. पण ‘मांस बाजूला ठेवणं’ या अर्थाच्या मध्ययुगीन लॅटिन शब्दाकडे अभ्यासकांचा कल जास्त आहे, आणि स्वयंपाकघराच्या बाजूनं पाहिलं तर तोच पटतो.

ईस्टर चंद्रावर ठरतो, म्हणून कार्निव्हलही चंद्रावर चालतो. बहुतेक वर्षी तो माघाच्या अखेरीस, आपल्या महाशिवरात्रीच्या आसपास पडतो. २०२२ मध्ये कोलोनचा मुख्य सोमवार २८ फेब्रुवारीला होता आणि दुसऱ्याच दिवशी महाशिवरात्र. अधिक मासानं गणित बिघडवलं नाही, तर शिमगा तिथून पंधरवड्यावर. तिथीनं गटारी, स्वभावानं शिमगा आणि व्यवस्थेनं सार्वजनिक गणपती, असं कोलोनच्या कार्निव्हलचं मिश्रण आहे.

शहरात हा सण जुना आहे, यात वाद नाही. १३४१ सालच्या नगरपरिषदेच्या शपथवहीत नोंद आहे की उपासाच्या आधीच्या चैनीसाठी शहराच्या तिजोरीतून पैसा द्यायचा नाही. अशी शपथ लिहून ठेवावी लागते याचा अर्थ उघड आहे: आधी कुणीतरी आयजीच्या जिवावर उदार झालेलं असणार.

हाच उपासापूर्वीचा सण पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला. उपासकाळातला ‘प्रवेश’ या अर्थाचा त्यांचा शब्द ‘एंत्रुदो’. कोकणीत त्याचा ‘इंत्रूज’ झाला. सासष्टीच्या गावांत अजून इंत्रुजाच्या दिवसांत अंगणात, रस्त्यावर ‘जमनीवयलो खेळ’ होतात. पणजीतली चित्ररथांची मिरवणूक मात्र १९६५ पासूनची, आणि तिच्या पुढे चालणारा किंग मोमो खा-प्या-मजा करा असं फर्मान सोडतो. गावातला खेळ एकीकडे आणि राजधानीतली व्यवस्थापन केलेली मिरवणूक दुसरीकडे, ही फाळणी गोव्यातही झाली. कोलोनमध्ये ती दीडशे वर्षं आधी झाली, इतकंच.

पेच काय होता

कोलोन हे शतकानुशतकं स्वतःच्या तोऱ्यात राहिलेलं, जुन्या जर्मन साम्राज्यातलं मुक्त शहर, म्हणजे आपला कारभार आपणच बघणारं. १७९४ मध्ये फ्रेंच फौजा आल्या आणि शहर न लढता त्यांच्या ताब्यात गेलं. स्वतःचं सैन्य विसर्जित झालं, मठ बंद झाले, विद्यापीठ १७९८ मध्ये बंद झालं. घरांना नंबर पडले ते याच काळात. त्यातलाच एक ४७११, जो पुढे कोलन वॉटरच्या बाटलीवर चढून जगभर गेला. १७९५ मध्ये फ्रेंचांनी मुखवटे आणि कार्निव्हलची गर्दी यांवर बंदी घातली आणि काही वर्षांनी, १८०४ मध्ये, ती सैल केली. १८१५ मध्ये व्हिएन्नाच्या वाटाघाटीत ऱ्हाइनचा हा भाग प्रशियाच्या वाट्याला गेला. म्हणजे कॅथलिक शहरावर आता प्रोटेस्टंट राजाचा अंमल, हुकूम बर्लिनचा, आणि रस्त्यात कवायत करणारी छावणी.

रस्त्यावरच्या जुन्या कार्निव्हलची रया तोवर गेली होती. कारागिरांची पोरं टोळ्या करून दारोदार फिरत, मुखवट्याआडून शिव्या देत, पिऊन मारामाऱ्या करत. पैसेवाले लोक व्हेनिसच्या धर्तीवर बंद दाराआड बॉल नाच करत. पोलिसांना मुखवटा नको होता आणि शहाण्यासुरत्या नागरिकांना पोलीस नको होते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. बंदी आली तर शहराकडे जे थोडं आपलं म्हणून उरलं होतं तेही जाणार, आणि आहे तसंच चालू ठेवलं तर बंदी येणारच.

यावर काही व्यापारी, वकील आणि लिहिते-वाचते लोक एकत्र आले. अध्यक्ष झाला हाइनरिश फॉन विट्गेनश्टाइन. त्याचा बाप फ्रेंचांच्या काळात शहराचा महापौर होता. त्यांनी काढलेला तोडगा हुशारीचा होता. सरकारला हवी ती शिस्त आम्हीच लावतो. शंभर टोळ्यांऐवजी एकच मिरवणूक. शंभर मुखवट्यांऐवजी एक वीर, ज्याचं नाव-गाव सगळ्यांना माहीत आहे. दर वर्षी एक विषय ठरेल, रथ त्या विषयावर असतील. हिवाळ्यात सभा होतील, सभासदांची वर्गणी असेल, हिशेब असेल. पहिल्या वर्षाचा विषय ‘वीर कार्निव्हलचं राज्यारोहण’. दुसऱ्या वर्षी वीराला भेटायला व्हेनिसची राजकन्या आली. तिचं सोंग कुणी घेतलं? झिमॉन ओपेनहाइमनं, शहरातल्या ज्यू बँकर घराण्याच्या मुलानं. कॅथलिक सणात ज्यू सावकाराचा मुलगा राजकन्या होऊन मिरवतो आणि लोक टाळ्या वाजवतात, हे १८२४ मधलं दृश्य लक्षात असू द्या. एकशेदहा वर्षांनी त्याच रस्त्यावर काय दिसलं ते पुढे येईल.

१८२५ च्या कार्निव्हलवर खुद्द जर्मन महाकवी गटेनं कविता लिहिली. वेडेपणा थोडक्यात आटोपला आणि त्यात काही अर्थ असला तर तो चांगलाच, असा तिचा भाव. समितीला याहून चांगलं प्रशस्तिपत्र मिळणं शक्य नव्हतं. वेडेपणाला वेळेची मर्यादा आणि अर्थाची अट, हेच तर तिचं काम होतं.

ढुंगणाची कवायत

समितीनं काय कमावलं ते बघायला ‘रोटे फुंकेन’ म्हणजे लाल ठिणग्या या मंडळीकडे बघावं. १८२३ पासूनची ही संस्था, पहिल्या मिरवणुकीइतकीच जुनी. शहराचं जुनं सैन्य, जे फ्रेंचांपुढे बंदूक न उडवता विसर्जित झालं, त्याची ही नक्कल. लाल-पांढरा गणवेश, टोकदार टोपी, खांद्यावर लाकडी बंदूक आणि तिच्या नळीत फुलांचा गुच्छ. जुन्या शिपायांबद्दल शहरात सांगत की पगार इतका तोकडा, की पहाऱ्यावर उभे राहून ते मोजे विणायचे.

या मंडळींचा एक नाच आहे, ‘श्टिप्पेफ्योट्शे’. दोन-दोन गडी पाठीला पाठ लावून उभे राहतात, बंदूक पुढे टेकवतात, गुडघ्यात वाकतात, आणि बँडच्या ठेक्यावर एकमेकांच्या ढुंगणाला ढुंगण घासतात. पोट सुटलेले, मिशा पिकलेले, गणवेशाच्या गुंड्या ताणलेले पुरुष हे अगदी गंभीर चेहऱ्यानं करतात. बाहेर प्रशियन पलटण खरी कवायत करत असताना हे केलं जायचं, हे डोळ्यांपुढे आणलं की त्यातली चपराक कळते. सरकारला यात पकडायला काही सापडत नाही. लोक आपल्याच जुन्या सैन्याची थट्टा करताहेत, तुमचा काय संबंध?

पण हे एवढं सरळ नव्हतं. सभांमध्ये सगळ्यांनी सारखी येड्यांची टोपी घालावी, म्हणजे कोण मोठा कोण लहान हे कळणार नाही, ही कल्पना १८२७ मध्ये पुढे आली, आणि ती मांडणारा होता एक प्रशियन जनरल. ज्याची टवाळी करायची तोच टोपी घालून पहिल्या रांगेत. १८४० च्या दशकात फ्रान्स राव्हो या लोकशाहीवाद्यानं वेगळी सोसायटी चालवून कार्निव्हलला राजकारणाची धार लावायचा प्रयत्न केला. १८४८ मध्ये तो फ्रँकफुर्टच्या पहिल्या जर्मन संसदेत निवडून गेला. विट्गेनश्टाइन मात्र दुसऱ्या वाटेनं गेला. १८४२ मध्ये कॅथीड्रल पुरं करण्यासाठी जी संस्था निघाली तिचाही तो अध्यक्ष झाला, आणि पायाभरणीला प्रशियाचा राजा हजर होता. मनोऱ्यावरची यारी शेवटी उतरली, कॅथीड्रल १८८० मध्ये पुरं झालं. १८७० मध्ये ‘ब्लाउए फुंकेन’ निघाली, निळ्या ठिणग्या. त्यांचा गणवेश प्रशियन घोडदळाच्या निळ्या रंगाचा. पन्नास वर्षांत टवाळीची वर्दी ही मानाची वर्दी झाली होती. जर्मन साम्राज्य उभं राहिल्यावर ‘वीर’ जाऊन ‘प्रिन्स’ आला.

१८८३ पासून प्रिन्स एकटा नसतो, त्रिकूट असतं: प्रिन्स, शेतकरी आणि कुमारिका. शेतकऱ्याच्या हाती शहराच्या किल्ल्या. १२८८ मध्ये वॉरिंगेनच्या लढाईत आर्चबिशपला हरवून कोलोननं त्याची सत्ता झुगारली, त्याची ती आठवण. कुमारिका म्हणजे कुणी न जिंकलेलं शहर, म्हणून तिच्या मुकुटाला तटबंदीचा आकार. ही कुमारिका पुरुषच होतो; दाढी सफाचट करून, दोन वेण्या लावून, महिनाभर रोज सभांमध्ये हात हलवत फिरतो. कोकणातल्या शिमग्यात पोरगा लुगडं नेसून राधा किंवा गोमू होतो, त्याचाच हा दूरचा भाऊ. फरक असा की गोमूला सोंगाचे पैसे मिळतात. कोलोनच्या त्रिकुटाला हा मान स्वतःच्या खिशाला मोठी चाट लावून घ्यावा लागतो.

आपल्याकडे १८९३ पासून सार्वजनिक झालेला गणेशोत्सव इथे आठवणारच. परकी सत्ता, घरातला किंवा गल्लीतला जुना सण, त्याला मंडळ-वर्गणी-मिरवणुकीचा साचा. तुलना इथवर चालते. पुढे नाही, कारण टिळकांना लोक जागे करायचे होते आणि विट्गेनश्टाइनच्या मंडळींना ते सांभाळायचे होते.

समिती कुणाची बाजू घेते

१९३३ नंतर या साच्याची खरी परीक्षा झाली. १९३४ च्या मिरवणुकीत एक रथ होता, ‘शेवटचे चालले’ अशा अर्थाच्या नावाचा. त्यावर दाढ्या लावून, काळे कोट घालून, जर्मनी सोडून पॅलेस्टाइनला निघालेल्या ज्यूंची नक्कल करणारे लोक होते. ओपेनहाइमची राजकन्या मिरवली तेच हे शहर. ज्यू कार्निव्हलवाल्यांचा स्वतःचा क्लब १९२२ पासून होता. त्यातले लोक परागंदा झाले किंवा मारले गेले.

१९३५ मध्ये नाझींच्या ‘आनंदातून शक्ती’ संघटनेनं कार्निव्हल ताब्यात घ्यायचं ठरवलं, तेव्हा सोसायट्यांनी एकजुटीनं विरोध केला आणि तो यशस्वीही झाला. युद्धानंतर अनेक वर्षं हे ‘येड्यांचं बंड’ म्हणून अभिमानानं सांगितलं गेलं. कोलोन नाझींपुढे वाकलं नाही, याचा पुरावा म्हणून. कागदपत्रं नीट तपासली गेली तेव्हा चित्र वेगळं निघालं: भांडण मिरवणूक कोण चालवणार याचं होतं, रथांवर काय असावं याचं नव्हतं. संघटना शाबूत राहिली आणि रथांवरचं विष चालू राहिलं. १९३८ आणि १९३९ ला कुमारिकेचं सोंगसुद्धा बाईला द्यावं लागलं, कारण लुगड्यातला पुरुष नव्या राज्याच्या मर्दानगीत बसत नव्हता. त्यावर कुणी बंड केलं नाही.

खरं बंड एका माणसानं केलं. सभांमध्ये लाकडी पिंपात उभं राहून भाषण करायची पद्धत आहे. कार्ल क्युपर हा त्यातला नामांकित वक्ता. तो पिंपात चढायचा, उजवा हात नाझी सलामीसारखा ताठ वर करायचा, सभागृह गप्प, आणि मग म्हणायचा की आमच्या तळघरात घाण एवढी उंच साचलीय. १९३९ मध्ये त्याच्या बोलण्यावर बंदी आली. पुढची गोष्ट मला जास्त बोचते. युद्ध संपलं, लोकशाही आली, क्युपर पुन्हा पिंपात उभा राहिला, पुन्हा हात वर केला आणि म्हणाला, परत पाऊस सुरू झालाय वाटतं. १९५० च्या दशकात कार्निव्हलच्या कारभाऱ्यांनीच त्याला गप्प बसवलं. आज शहराच्या जुन्या भागात त्याच्या नावाचा चौक आहे.

युद्धात कोलोनचा मध्यभाग जवळजवळ जमीनदोस्त झाला होता. १९४९ मध्ये ढिगाऱ्यांमधून पहिली मिरवणूक निघाली. घोषवाक्य कोलोनच्या बोलीत होतं. अर्थ असा की आम्ही पुन्हा आलो आहोत, आणि जमेल ते करतो आहोत.

दगडी चौकटीबाहेर

आता सगळं घड्याळावर चालतं. हंगाम ११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी सुरू होतो. अकरा हा येड्यांचा आकडा, आणि ११ नोव्हेंबर हा संत मार्टिनचा दिवस, जिथून पूर्वी नाताळच्या आधीचा उपास सुरू व्हायचा. मुख्य आठवड्याचा गुरुवार बायकांचा. तो साजरा करायची आजची रीत बॉनजवळच्या बॉयेलमधल्या धोबिणींनी १८२४ मध्ये सुरू केली असं मानतात: पुरुष कार्निव्हलच्या मजेत आणि कपड्यांच्या गाठोड्यांना बायका, याचा त्यांना राग होता. आता त्या दिवशी ऑफिसांत बायका कात्री घेऊन फिरतात आणि दिसेल त्या पुरुषाचा टाय कापतात. जाणते लोक त्या दिवशी जुना टाय घालून येतात. सोमवारी मुख्य मिरवणूक, दहा-बारा हजार माणसं, आणि रथांवरून सुमारे ३०० टन चॉकलेट-गोळ्यांचा मारा. लोक ‘कामेले!’ असं ओरडत उलटी छत्री धरून उभे राहतात. या गोळ्या फेकणाऱ्यानं स्वतःच्या पैशानं आणायच्या असतात. १३४१ ची शपथ अशी अजून पाळली जाते म्हणा.

मंगळवारी मध्यरात्री नुब्बेल जाळतात. नुब्बेल म्हणजे कपडे चढवलेला गवताचा माणूस. आठवडाभर तो दारूच्या गुत्त्याच्या दारावर टांगलेला असतो. खोटा पाद्री आरोपपत्र वाचतो. भाड्याचे पैसे कुणी उडवले? नुब्बेलनं! दुसऱ्याच्या बायकोच्या गळ्यात कोण पडलं? नुब्बेल! मग काडी लागते आणि लोक रडण्याचं सोंग करतात. यात समिती कुठेच नाही. हे ज्याचा तो गुत्ता करतो.

समितीचा हात सुटला की रस्ता काय करतो, ते १९९१ मध्ये दिसलं. आखाती युद्धामुळे सोमवारची मिरवणूक रद्द झाली. तरीही लोक परवानगीची वाट न बघता सोंगं घेऊन बाहेर पडले, युद्धाच्या विरोधात. त्यातून जुन्या काळची ‘भुतांची मिरवणूक’ पुन्हा सुरू झाली. तिच्यात रथ नाहीत, गोळ्या नाहीत, बघे नाहीत, जो येईल तो चालतो. त्याआधीच, १९८४ मध्ये, विद्यार्थ्यांनी अधिकृत सभांना कंटाळून स्वतःची खवचट सभा सुरू केली होती. तिची तिकिटं आता मिळता मिळत नाहीत. २०१५ मध्ये मात्र समितीचा हात पुन्हा दिसला. पॅरिसमधल्या शार्ली एब्दो या व्यंग-साप्ताहिकावरच्या हल्ल्यानंतर एक रथ ठरला होता, लोकांनी मतदान करून निवडलेला: विदूषक दहशतवाद्याच्या बंदुकीच्या नळीत पेन्सिल खुपसतोय. तो समितीनं ऐनवेळी मागे घेतला. कारण दिलं लोकांच्या धास्तीचं. फुलांचा गुच्छ बंदुकीच्या नळीत खुपसून जिची पहिली मिरवणूक निघाली, त्या समितीला पेन्सिल झेपली नाही, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं.

२०२२ मध्ये उलट झालं. करोनामुळे मिरवणूक आधीच स्टेडियमपुरती आखली होती. सोमवारच्या चार दिवस आधी युक्रेनवर हल्ला झाला. समितीनं स्टेडियमचा बेत मोडला आणि शांततेचा मोर्चा काढला. पोलिसांच्या अंदाजानं अडीच लाख लोक आले, बरेचसे सोंगातच: समुद्री चाचे, मधमाश्या, लाल ठिणग्या, हातात निळे-पिवळे झेंडे.

पुढच्या वर्षी दोनशे वर्षं पुरी झाली. कोलोनमध्ये ऱ्हाइनच्या उजव्या काठाला ‘शेल झिक’ म्हणतात, म्हणजे तिरकी, भलतीकडची बाजू. जुन्या शहरातला माणूस तिकडे नाक मुरडतो. २० फेब्रुवारी २०२३ ला मिरवणूक पहिल्यांदाच तिथून, डॉइट्समधून निघाली आणि पूल ओलांडून कॅथीड्रलच्या बाजूला आली. तिकडच्या लोकांनी त्या दिवशी आपल्या दारात उभं राहून छत्र्या उलट्या धरल्या.